'अनामिक' या शब्दाची जात

मागच्या महिन्यात चोपडा तालुक्यातून एक कविता आली. कागद वहीतून फाडलेला, अक्षर मास्तरचं. कविता चांगली होती. चांगली म्हणजे काय, तर आम्ही तिघांनी ती वाचली आणि तिघंही काही वेळ बोललो नाही. खाली सही होती, 'अनामिक'. पाकिटात वेगळ्या चिठोऱ्यावर खरं नाव, गाव आणि विनंती, की हे नाव कुठेही येऊ देऊ नका. पोरगा एका विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो. कविता त्याच शाळेतल्या पाण्याच्या माठावर आहे.

आमच्यात भांडण लागलं. एक म्हणाला, छापायची नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेली माणसं काय तोंडाला फडकं बांधून गेली होती? नाव लपवून विद्रोह होत नसतो. दुसरा म्हणाला, उद्या संस्थाचालकाने त्याला काढलं तर त्याच्या दोन बहिणींची भाकरी तू देणार का? मी पहिल्याच्या बाजूने होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाणपणा सांगतोय असं कुणाला वाटायला नको.

पण मला त्या सहीतला शब्दही टोचत होता. मी त्याला फोन करून विचारलं, बाबा रे, हाच शब्द का घेतलास? तो म्हणाला, "भाऊ, चांगला वाटला. गाण्यात असतो ना."

असतो. भावगीतांनी आपल्याला हा शब्द शिकवला. अनामिक हुरहूर, अनामिक ओढ, अनामिक गंध. ज्याला नाव देता येत नाही असं काहीतरी तलम, संध्याकाळचं, खिडकीतलं. पोटभर जेवलेल्या माणसाची हुरहूर. शब्द इतका धुऊन, इस्त्री करून ठेवलाय की त्याच्या अंगाला कधी घाम येत होता हे कुणाला आठवत नाही.

आता मराठीचे जुने कोश उघडा. अनामिक म्हणजे अंत्यज, महार. पैठणच्या वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारं महाराचं पोर एकनाथांनी कडेवर उचललं ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. संतचरित्रांच्या पोथ्यांच्या भाषेत असलं पोर 'अनामिकाचं' असतं. तुकोबांच्या गाथेत अनामिकाच्या हातात समर्थाचा शिक्का येतो. मुद्दा असा, की माणूस कितीही हलका असो, हातात धन्याचा शिक्का आहे म्हणून लोकांनी त्याला मानायचं. ऐकणाऱ्याला अर्थ फोडून सांगायची गरज नव्हती. अनामिक म्हटलं की कोण, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणजे या भाषेत हा शब्द काही शतकं नुसतं विशेषण नव्हता, नाम होता. ज्याला नाव नाही असं म्हणायचं आणि तेच त्याचं नाव करायचं. व्याकरणाच्या मास्तरने याचा उलगडा करावा.

आणि महाराला नाव नव्हतं काय? पोर जन्मलं की आत्या पाळण्याशी वाकून कानात नाव सांगत होतीच. घरात हाक मारायला नाव होतंच. गावाने ते उच्चारायचं नाही, एवढंच ठरलेलं. तेव्हा 'नाव नसलेला' हा अर्थच खोटा आहे. 'ज्याचं नाव घ्यायचं नाही असा' हा खरा अर्थ. दोष नाव घेणाऱ्याच्या जिभेत आहे आणि शब्द मात्र आमच्या कपाळावर चिकटवला. चावडीवर वेसकराला हाक मारायची तर जातीने किंवा कामाने. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेलं, हाकेची सवय कायद्याने जात नाही.

माणूस एखाद्या गोष्टीचं नाव कधी घेत नाही? किळस आली तर. पण भीती वाटली तरीही. आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. पूर्वी अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणायचे. मग आमचं नाव घेतलं नाही ते किळसेने की भीतीने? जो गावाची वेस राखतो, मेलेलं ढोर ओढतो, मर्तिकाचा सांगावा घेऊन जातो, हद्दीचा दगड कुठे होता हे ज्याला ठाऊक असतं आणि तंट्यात ज्याची साक्ष लागते, त्याची गावाला भीती वाटत नसेल असं मला वाटत नाही. पण भीती वाटते म्हणून काही कुणी पाणी भरू दिलं नाही.

हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला संस्कृतात अनामिका म्हणतात. अमरकोशात तेच नाव आहे. गंमत म्हणजे चिनी भाषेतही ते बिननावाचं बोट आहे आणि रशियनमध्येही. संस्कृत पंडित याची दोन कारणं सांगतात. एक कालिदासाच्या कौतुकाचं. कवी मोजताना करंगळीवर त्याला धरलं आणि दुसऱ्या बोटावर धरायला त्याच्या तोडीचा कुणी सापडेना, म्हणून ते बोट बिननावाचं. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. शंकराने याच बोटाने ब्रह्मदेवाचं एक डोकं उडवलं, म्हणून त्याचं नाव घ्यायचं नाही. आणि दर्भाचं पवित्रक घालायचं तेही याच बोटात! ब्रह्म्याचं डोकं उडवणारं ते अनामिक, ही व्युत्पत्ती मला आवडते हे कबूल करतो. पण पुराणातल्या बोटावर आपली अस्मिता टांगायची नसते. पुढे चलू.

अमळनेरला प्रतापशेठांच्या देणगीतून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. तिथे वेदान्ताचा अभ्यास चालायचा. वेदान्त काय सांगतो? नाम आणि रूप ही माया. खरं ते अनाम, अरूप. या देशात ज्याला नाव नाही असे दोघेच, एक ब्रह्म आणि दुसरा महार. एकाला नाव नाही कारण तो सगळ्या नावांच्या वर, दुसऱ्याला नाही कारण तो सगळ्यांच्या खाली. शब्द जवळजवळ एकच. एकापुढे हात जोडले, दुसऱ्यापासून हात आखडले. यावर एखाद्या अद्वैत्याने प्रबंध लिहिल्याचं मला माहीत नाही.

जी नावं आम्हाला ठेवायची मुभा होती ती कोणती? कचरू, धोंडू, दगडू, केरू. आणि आमच्या खानदेशात उखा, उखर्डू. उखर्डा म्हणजे उकिरडा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियमच आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस वाटेल असं. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात एका अनुस्वाराचा फरक आहे. मनूने तोही ठेवला नाही.

पण इथे आपल्या भाषणांत एक चूक होते, मीही ती केलेली आहे. उखा, भिका, धोंडू ही नावं पाटलांच्या, माळ्यांच्या, कोळ्यांच्या घरातही सापडतात. पोरं जगत नसली की आई पुढच्या पोराला उकिरड्याचं नाव देते, मरणाला वाटावं की हे नेण्यासारखं नाही. तेव्हा प्रत्येक उखाच्या मागे मनू उभा नाही, काहींच्या मागे आई उभी आहे. फरक एवढाच की पाटलाच्या उखाला गाव पुढे उखाजीराव म्हणालं. आमचा उखा साठाव्या वर्षीही उख्याच राहिला. आमच्या घरात आजा उखा, बाप भिका आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जन्मलेला चुलता सिद्धार्थ. मतदारयादी वाचली तरी धम्मक्रांती कळते.

आणि बायांचं काय? सोयराबाई आपल्या अभंगांत स्वतःची ओळख चोख्याची महारी म्हणून करून देते. नाव आधी नवऱ्याचं, मग जातीचं. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेला, तेव्हा म्हणे ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती त्याची म्हणून नामदेवाने ओळखली. मेल्यावरही ओळख पटली ती दुसऱ्याच्या नावाने. भक्तीची थोरवी म्हणून ही गोष्ट सांगतात. मला ती ऐकताना बरं वाटत नाही.

दुसरे आम्हाला जी नावं देत आले, त्यांची यादी मोठी आहे. अंत्यज, अतिशूद्र, अस्पृश्य, मग गांधीजींनी चालवलेलं हरिजन. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात कायद्यात हा शब्द घालायचं ठरलं तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेब आपल्या सदस्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. नाव गोड होतं, तरी बाहेर पडले.

आता चाळीसगावची गोष्ट. ही आपल्या जिल्ह्यातली, आणि बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलेली. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. खानदेशातलं काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता. त्या गावी जाऊन ते परत आले तेव्हा चाळीसगावची माणसं हार घेऊन स्टेशनवर उभी होती. मुक्काम महारवाड्यात, दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ. तरी तासभर कुणी हलेना. शेवटी एक टांगा आला. बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच त्यात, बाकी मंडळी जवळच्या वाटेने पायी. दोनशे पावलांवर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर वळताना घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला. शुद्ध हरपली.

मागाहून कळलं ते असं. महार बसणार म्हणून एकही टांगेवाला हाकायला तयार नव्हता. आपल्या लोकांना बाबासाहेबांनी पायी चालावं हे पटेना. तोड निघाली, मालकाने टांगा भाड्याने द्यावा, हाकणारा महारांनी आणावा. टांगा हाकणं आपल्यापैकी कुणाचाच धंदा नव्हता. एकाने लगाम हातात घेतला.

या एकाचं नाव त्या लिखाणात नाही. टांगेवाल्याचंही नाही. टांगेवाल्याचं नसलं तर माझी झोप उडत नाही. पण ज्याने लगाम घेतला त्याच्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. त्या रात्री तो कुठे गेला असेल? महारवाडा रडत होता, बाया ऊर बडवत होत्या, आणि हा कुठल्या भिंतीला टेकून बसला असेल? त्याला आयुष्यभर लोकांनी काय म्हटलं असेल? की वस्तीनेच ठरवून त्याचं नाव पुढे कुणाला सांगितलं नाही, त्याला जपलं? चाळीसगावच्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, कुणाच्या आजीला काही ऐकून माहीत असेल तर विचारा. मात्र नाव सापडलं तर छापण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा.

या प्रसंगावर बाबासाहेबांनी जे लिहिलं त्यातलं एक वाक्य आपण भाषणांत सांगत नाही. बॅरिस्टर असला तरी महाराला टांगेवाला हलका समजतो, हे आपण सांगतो. पण ते आपल्या लोकांबद्दलही लिहितात. त्याचा मतलब असा, की प्रवाशाची प्रतिष्ठा सांभाळण्यापेक्षा त्याचा जीव सुरक्षित राहणं महत्त्वाचं आहे, हे ही मंडळी विसरली. राग नाही त्यात, हिशेब आहे. हे वाचलं तेव्हा चोपड्याच्या पोराची कविता माझ्या टेबलावरच होती.

आता बौद्ध म्हणून एक अडचण. आमच्या अभ्यासवर्गात एका मुलीने ती काढली आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. मिलिंद राजाने नाव विचारलं तेव्हा नागसेन म्हणाले, मला नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं व्यवहाराचं नाव आहे, आत त्या नावाचा कुणी सापडायचा नाही. वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवतात, किड्यांत, पक्ष्यांत जातीजातीच्या वेगळ्या खुणा असतात, माणसात तशा नसतात. माणसातला फरक नावापुरता, आणि नाव-गोत्र हे लोकांनी ठरवलेलं. मग ती मुलगी म्हणाली, "सर, नाव जर नुसतं ठरवलेलं असेल तर नामांतरासाठी माणसं का मेली?"

प्रश्न साधा नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही मराठवाडा शब्दाच्या सोबतीने. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं तिचं नाव विद्यापीठावर आलं याचा आनंद आहे. तेव्हा कुणाच्या घराला काडी लागली नाही. मग नाव नुसतं नाव कसं?

मला आज सुचतं ते उत्तर असं. नाव ठरवलेलं असतं म्हणूनच ते बदलता येतं. ते ब्रह्मलिखित असतं तर बोंबलूनही उपयोग नव्हता. आणि नाव सोडायचं तर आधी ते हातात असावं लागतं. नागसेनांना राजाने आधी अदबीने नाव विचारलं. नाव विचारलं, सांगितलं, मानलं, त्यानंतर नागसेन म्हणाले, हे काही खरं नव्हे. ज्याला कधी कुणी नावच विचारलं नाही त्याला नामरूपाचा त्याग शिकवणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगणं. मुलीला हे पुरेसं वाटलं नाही. तिचं म्हणणं, हातात आलेलं नाव पुढे कुणी सोडत नाही, त्याचे पुतळे होतात. तिचंही खरं आहे.

आता माझं. नोकरीच्या पहिल्या वर्षी धुळ्यात मी खोली शोधत होतो. माझं आडनाव खानदेशात तीन-चार जातींत चालतं. सोनवणे, मोरे, अहिरे, तशातलंच. त्यामुळे घरमालकाचं समाधान होईना. "कोनता गावना शे?" सांगितलं. "गावमा कोठे राहतस?" मी म्हणालो, मारुतीच्या देवळामागे. खोटं नव्हतं. आमची वस्ती देवळाच्या मागेच आहे, चांगली फर्लांगभर मागे. खोली मिळाली. अकरा महिने राहिलो. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. एकदा आई आली. तिला मी आधीच बजावलं होतं. घरमालकीण समोर आली तेव्हा आईचे हात सवयीने उठले, ओठ हलले आणि ती थांबून 'नमस्कार' म्हणाली. एसटी स्टँडपर्यंत मी तिची पिशवी घेऊन चाललो. ती वाटेत काही बोलली नाही. गाडीत बसताना पाणी हवं का विचारलं, नको म्हणाली.

म्हणून कवितेच्या भांडणात मी पहिल्याच्या बाजूने बोललो होतो. ज्याने स्वतः नाव लपवलेलं असतं तो दुसऱ्याच्या लपवण्यावर जास्त ओरडतो.

मग मी शब्द वेगवेगळे करून पाहिले. बेनामी म्हणजे मालाचा मालक एक आणि नाव दुसऱ्याचं. १९६१ च्या सीलिंगच्या कायद्यानंतर सालदाराच्या नावावर जमिनी चढवल्याच्या गोष्टी खेड्याखेड्यांत सांगतात. सातबाऱ्यावर सालदार, पिकावर मालक. तिथे आमचं नाव बरोबर आठवलं! निनावी म्हणजे ज्याला नाव आहे, पण ते त्याने खिशात ठेवलं आहे. आणि अनामिक म्हणजे ज्याच्या नावाचा उच्चार दुसऱ्याने नाकारला आहे. निनावी माणूस खिशात हात घालून आपलं नाव बाहेर काढू शकतो. किंमत पडेल, पण काढू शकतो. अनामिकाचं नाव त्याच्या खिशात नाहीच, ते गावाच्या जिभेत अडकलेलं. धुळ्याच्या खोलीत मी यातला कोण होतो? नाव माझ्याच खिशात होतं, पण खिसा शिवून टाकायची सक्ती घरमालकाची होती. अजून मला नीट सांगता येत नाही.

नाव झाकणं कधी कधी कायद्यानेही मानलं आहे. १९७२ साली आपल्याच राज्यात, आत्ताच्या गडचिरोली भागातल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, देशभर संताप झाला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला तेव्हा अशा स्त्रीचं नाव छापणं गुन्हा ठरलं. तो खटला मात्र आजही तिच्या नावाने ओळखतात, पोलिसांच्या नव्हे. मी ते इथे लिहीत नाही. आपल्या पत्रकांत आपण 'दलित महिलेवर अत्याचार' लिहितो आणि करणाऱ्यांना 'काही समाजकंटक' म्हणतो. झाकायचं कुणाचं आणि उघडं करायचं कुणाचं, यात आपलाही हात उलटा पडतो.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं काढायचं ठरवलं. महारवाड्याच्या जागी समतानगर, भीमनगर. चांगलं झालं. पाट्या बदलल्या की टांगेवाला बदलतो का, ते आता रिक्षावाल्यांना विचारायचं.

मी पोराला परत फोन केला. अनामिकचा जुना अर्थ सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तो शब्द काढा. पण माझं नावही टाकू नका. पुढच्या वर्षी दुसरीकडे लागलो तर मीच सांगेन." मी विचारलं, दुसरं एखादं टोपणनाव? तो म्हणाला, नको, रिकामं ठेवा.

पहिला मित्र अजून नाराज आहे. त्याने ठरावाच्या वहीत आपला विरोध लिहून खाली पूर्ण नावाने सही केली. कविता या अंकात आहे, खाली काही नाही. तिचे दोन अंक शाळेच्या पत्त्यावर पाठवायचे नाहीत. तो रविवारी जळगावला येईल तेव्हा हातात द्यायचे आहेत.